चितऱ्याचं दावं

९ नोव्हेंबर २०२५
मळा, आसेगाव रोड, मंगरूळपीर

सार्थक,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. आशीर्वाद दिवाळीत चिवड्याच्या डब्यातून पाठवले होते. डबा अजून परत आला नाही, तेव्हा तेच वापर.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि मेसेज केला की अंगठा पाठवतोस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. ते वाचावं लागतं, नाहीतर फाडावं लागतं. काय करायचं ते तू ठरव.

तर तुझा गेम खेळते आहे. 'ताई, तीन वर्षं राबलोय, पुढच्या महिन्यात बाहेर येतोय, त्याआधी तू खेळून सांग,' असं लिहिलं होतंस ना, मग ऐक आता. स्टँडजवळच्या शफीकभाईंच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन मी तो फोनमध्ये घालून घेतला. शफीकभाईंना केवढं कौतुक! "सार्थकनं बनोला? माशाअल्ला! आपल्या मंगरूळचं पोरगं पुन्यात गेम बनोते, अन् आपुन इथं कव्हर इकून राह्यलो." मीही तिथे जरा ताठ बसले होते, खोटं कशाला सांगू. ताठपणा घरी येईपर्यंत टिकला.

लाल टोपीवालं एक पोरगं आणि गोलू नावाचा गोऱ्हा. दोघांनी मिळून हरवलेल्या गावाची वाट शोधायची. दर टप्प्याला एक कोडं. पोराला जे जमत नाही ते गोलूनं करायचं, गोलूला जमत नाही ते पोरानं. बोट दाबून धरलं की पोरगं शीळ घालतं आणि गोलू पहिल्या शिळेला हजर. पहिल्या शिळेला! गोठा असलेल्या घरात वाढलास ना रे तू? वर आनंद झाला की तो शेपटी हलवतो. अरे, ते कुत्रं हलवतं. बैल माशा हाकलतो.

चौथ्या कोड्यात मी दोन दिवस अडकले. विहिरीचं पाणी तीन वाफ्यांना पोचवायचं. मी काय करणार? पहिला वाफा भरला की त्याच्याकडे पाणी नेणारा दांड मातीनं बुजवला आणि दुसऱ्याचा फोडला. जन्मभर हेच करते आहे. तर तुझा गेम मला म्हणतो, 'चुकलं, पुन्हा प्रयत्न कर.' दोन दिवस म्हणत होता. शेवटी वैतागून तिन्ही दांड एकदम फोडले, तर पडदाभर फुलं उधळली! तिन्ही दांड एकदम फोडले की एकाही वाफ्याची धड ओल होत नाही, एवढंही विसरलास? की पुण्याच्या लोकांना फुलं आवडतात म्हणून पाण्याचं काहीही चालतं?

हे सगळं चालवून घेतलं असतं. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मळा आपला आहे. विहीर आपली, नाल्यावरचा फुटका पाईप आपला, पलीकडे शेजारच्या जगदेवकाकांच्या शेताचा धुरा, त्यावरचं गवतसुद्धा. गोलूच्या अंगावरचे ठिपके आपल्या चितऱ्या गोऱ्ह्याचे आहेत, कपाळावरचा मोठा ठिपकासुद्धा. सगळं आहे. मी कुठे आहे? गाय चितऱ्याला जवळ येऊ देत नव्हती, लाथा मारायची, तेव्हा बाटलीनं दूध पाजून त्याला मी वाढवला. तू सात वर्षांचा होतास आणि त्याला घाबरून माझ्या मागे लपायचास. त्याच्या आधीच्या वर्षी आई गेली, तेव्हापासून तुझी वेणीफणी सोडून सगळं मीच केलं. आणि तुझ्या गेममधल्या पोराला बहीणच नाही.

त्यातून चितऱ्याच का, हेही मला कळत नाही. सोळा वर्षं या घरात त्याचं नाव कोणी घेत नाही. बाबा बोललेच तर एवढंच बोलतात, की साधनानं दावं नीट बांधलं नाही. तुला हे माहीत आहे. तरी त्याला निळी शिंगं लावून माझ्याच फोनमध्ये नाचवतोस?

दहा कोडी झाली. पुढचं खेळून कळवते.

तुझी ताई,
साधना


१७ नोव्हेंबर २०२५

सार्थक,

हे पत्र तीन वेळा फाडलं. हे चौथं आहे आणि हे जाणार.

काल दुपारी अकराव्या कोड्याला पोचले. गोलू बांधावर खुंट्याला बांधलेला. पलीकडे हिरवं रान. त्याला सोडवायचं. दाव्याची गाठ मोठी होऊन पडद्यावर येते आणि बोटानं ती उकलायची. लोक इथे अडकतील, म्हणून तू मदतीचं बटणही ठेवलं आहेस. मला मदत लागली नाही. एका दमात सोडवली आणि मग फोन हातातून मेथीच्या वाफ्यात पडला.

खुंट्याला दोन वेढे. वेढ्यांखालून घेतलेला फास. फासात उलटं खोचलेलं टोक, म्हणजे जनावर जितकं ओढेल तितकी गाठ आवळते. सोडायची तर आधी टोक मागे ढकलायचं, मग फास डावीकडे, मग वेढे. बाबांची गाठ अशी नाही, ते साधी गाठ मारतात. जगदेवकाकाही साधीच मारतात. साधी गाठ चितऱ्या तोंडानं सोडायचा, म्हणून ही मी माझी बसवली होती. कोणाला शिकवली नव्हती. गाठ सुटल्यावर तुझं ते टोपीवालं पोरगं दावं गुंडाळून खुंट्यावर ठेवतं आणि शीळ घालत पुढे पळतं, आणि गोऱ्हा त्याच्या मागे त्या हिरव्या रानात शिरतो.

तूच सोडलं होतंस त्याला.

नाही म्हणायचं असेल तर म्हण. पण त्याआधी तो दिवस आठव. ऑगस्ट होता. पावसानं ओढ दिली होती आणि जगदेवकाकांची ज्वारी गुडघाभर होऊन खुरटली होती. मी सकाळी चितऱ्याला बांधावर बांधलं आणि शाळेचा दाखला आणायला मंगरूळला गेले, कारण जनावरांच्या दवाखान्याच्या डिप्लोम्याला माझा नंबर लागला होता. या रोडवरच्या मळ्यांमधून कोणाही पोरीचा लागला नव्हता. अकराला परत आले तर चितऱ्या ज्वारीत आडवा, तोंडाला फेस, पाय झाडत होता. पाण्याविना खुरटलेली ज्वारी जनावरानं खाल्ली की किराळ लागते, विष भिनतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. डॉक्टर मोटरसायकलवर निघाले होते, पण किराळ तेवढा वेळ देत नाही. माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं. तू धुऱ्यावर उभा राहून रडत होतास. मी तुला जवळ घेतलं, सार्थक! चितऱ्याचे डोळे मिटायच्या आधी मी उठून तुला जवळ घेतलं आणि समजावलं!

बाबा म्हणाले, "कॉलेजच्या घाईत साधं दावं बी बांधता आलं नाई तुले." संध्याकाळी तो दाखला त्यांनी फळीवर टाकला आणि म्हणाले, "जिनं घरचं जनावर मारलं, ती गावचे जनावरं काय वाचवन?" मी डिप्लोम्याला गेले नाही. तू बाजूला बसून भाकर खात होतास.

मी उलटून काही बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? मलाच वाटलं, घाईत हात चुकला असेल. सोळा वर्षं वाटत राहिलं. गाठ मारताना काय झालं होतं ते आठवायचा प्रयत्न करत मी किती दिवस काढले असतील, तुला कल्पना नाही. त्या दिवसानंतर मी कोणत्याच जनावराला दावं बांधलं नाही. आपल्या म्हशीला साखळी आहे आणि साखळीला कुलूप. लोक हसतात. "साधनाची म्हैस का तिजोरी?" असं जगदेवकाका येता-जाता म्हणतात. तूही मागच्या वर्षी हसला होतास. तुला हसायला आलं तरी कसं?

आज सकाळी गोठ्यात जाऊन खुंट्याला ती गाठ मारली. हातांना आठवत होती. मग पाय रोवून ओढली, तळवे सोलेपर्यंत ओढली. सुटली नाही. माझी गाठ कधी सुटलीच नव्हती.

आणि तुझ्या गेममध्ये गोलू ते रान पोटभर खातो, उड्या मारतो आणि टाळ्या वाजतात!

साधना


२६ नोव्हेंबर २०२५

सार्थक,

फोनवर पाठवलेला तुझा साडेसहा मिनिटांचा आवाज ऐकला. त्यातली दोन मिनिटं तू नुसतं नाक ओढतोस.

'ताई, मी दहा वर्षांचा होतो.' मी सतरा वर्षांची होते.

'तो फक्त तुझ्या मागे यायचा, मला एकदा तरी त्यानं माझ्या मागे यायला हवं होतं. मी पुढे पळालो, तो ज्वारीत थांबला, ओढलं तरी निघाला नाही, मी घाबरलो.' हे मला समजतं. हे त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला मारलं असतं, दोन दिवस बोलले नसते आणि विसरून गेले असते.

'मी गेममध्ये कबूल केलंय, ज्याला कळायचं त्याला कळेल.' हे मात्र मला समजत नाही. कबूल कोणापाशी केलंस? जे लोक बसमध्ये बसून वेळ जात नाही म्हणून गोलूला उड्या मारायला लावतील, त्यांच्यापाशी? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि शेवट कसा बेतलास, तर गोऱ्हा जिवंत, पोरगं हिरो, कोणाचं काही वाईट झालेलं नाही. याला कबुली म्हणत नाहीत, याला सारवासारव म्हणतात. 'तो टप्पा करताना मी रडलो,' म्हणतोस. रडायचं होतं तर इथे येऊन रडायचं.

आणि ते रान आधी बदल. खुरटी ज्वारी अगदी हुबेहूब काढली आहेस, रंगसुद्धा तोच. इकडच्या एखाद्या पोरानं गेम खेळून घरचं जनावर तसल्या रानात सोडलं तर काय करशील? हे मी रागानं लिहीत नाही. बाकी सगळं रागानं लिहिते आहे.

तू म्हणतोस, बाबा सत्तरीला आले, आता त्यांना सांगून काय उपयोग. उपयोग सांगते. शनिवारी बचत गटाच्या तनुजावहिनी आल्या होत्या. गटातून पशुसखीचं प्रशिक्षण आहे. वाशीमला पंधरा दिवस राहायचं, शेळ्या-वासरांच्या लसी, रोग कसा ओळखायचा, डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, सगळं शिकवतात. मग गावात तेच काम. वहिनी तिसऱ्यांदा विचारायला आल्या होत्या. आधीच्या दोन खेपेला मीच नाही म्हटलं, कारण माझ्या हातांवर माझाच भरवसा नव्हता. या खेपेला मी तोंड उघडणार तोच बाबा ओट्यावरून म्हणाले, "हिच्या हाती जनावरं देता का? पाहा बापा, इच्यार करा." वहिनी कसनुशा हसल्या. मी आत गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

मी सांगितलं तर बाबा म्हणतील, लहान भावावर ढकलते. तेव्हा तूच सांगायचं, तोंडानं, त्यांच्या समोर बसून. नावं द्यायची शेवटची तारीख पाच डिसेंबर आहे. मला त्यांची परवानगी नको आहे, सार्थक. त्यांच्या तोंडून एकदा एवढंच ऐकायचं आहे, की साधनाची चूक नव्हती. ते ऐकून मग मी नाव देईन.

रविवारी, तीस तारखेला ये. आला नाहीस तर मी तुझा गेम त्यांच्या हातात देणार आहे.

साधना


५ डिसेंबर २०२५

सार्थक,

तू आला नाहीस. 'ताई, गेम बाहेर यायच्या गडबडीत आहे, जानेवारीत नक्की.' बरं.

काल दुपारी जेवणं झाल्यावर बाबांना चष्मा दिला आणि फोन दिला. "सार्थकनं केलं हे, पाहा," म्हटलं. आणखी काही सांगितलं नाही. बाबा खाटेवर बसून खेळले. गोलू दिसल्याबरोबर म्हणाले, "हा तं चितऱ्या होय." सोळा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं. चौथ्या कोड्याला माझ्यासारखेच अडकले. तिन्ही दांड एकदम फोडायचे म्हटल्यावर चिडले, "येडं झालं काय हे पोरगं? पानी मुरून जाईन ना सारं!" मी म्हटलं, "पुन्याचं पानी हाय, बाबा." आम्ही दोघंही हसलो. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तेवढंच हसणं झालं.

मधली कोडी मी सोडवून दिली. अकराव्याला फोन परत त्यांच्या हातात दिला. गाठ मोठी होऊन आली. त्यांनी बोट उचललं आणि तसेच पाहत राहिले. मी वाट पाहत होते, की आता म्हणतील, ही तर साधनाची गाठ. त्यावर मी काय बोलायचं ते आठ दिवस मनात घोकून ठेवलं होतं.

बाबा म्हणाले, "म्हंजे सांगतलं त्यानं शेवटी."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "काय सांगतलं?"

"का चितऱ्याले त्यानं सोडलं होतं म्हनून." फोन माझ्याकडे सरकवून ते चष्मा पुसायला लागले. "मले तवाच समजलं होतं. दावं तुटेल नोतं, सुटेल नोतं. गुंडाळून खुट्यावर ठेवेल होतं, तू पाह्याच्या आंधी म्या उचललं. जनावर काय दावं गुंडाळून ठेवते? राती त्याले जवळ घेतलं तं सारं सांगतलं त्यानं रडत रडत. म्याच म्हनलं, गप राय, कोनापाशी बोलू नको."

"मंग मले काहून बोल लावला, बाबा?"

"पोरगं लहान होतं. भेकड. भेऊन कुठं पयून गेलं असतं तं?"

"अन् मी?"

त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुही माय नोती. पोरगं दहा वर्साचं. तू गेली असती डिप्लोम्याले तं मळा कोनं पाह्यला असता? अन् नुसतं जाऊ नको म्हनलं असतं, तं आयकली असती काय तू?"

एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. मग गोठ्यामागे जाऊन शेणाच्या ढिगापाशी उभी राहिले आणि मोठ्यानं ओरडले, शब्द नाही, नुसती ओरडले. म्हैस घाबरून उठून उभी राहिली.

सोळा वर्षं मला वाटत होतं, बाबांचा गैरसमज झाला आहे. कधीतरी दूर होईल, मी चांगलं काम करत राहिले तर होईल. गैरसमज नव्हताच. घरात तीन माणसं, दोघांना खरं माहीत होतं आणि तिसरी भाकरी करत होती. त्यांना चितऱ्या गेल्याचं दुःख झालंच असेल, मी नाही म्हणत नाही. पण तो मेल्यावर तासाभरात त्यांना त्याचा उपयोग सुचला. आणि मी त्यांच्या तोंडून 'साधनाची चूक नव्हती' हे ऐकायला बसले होते! ऐकलं, हो. असं ऐकायला मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आता तुझं. बाबांनी गप राहायला सांगितलं होतं, हे साडेसहा मिनिटांत तू सांगितलं नाहीस. बाबांना वाचवत होतास, की मला, मला कळत नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही. दहाव्या वर्षाचं तुला माफ आहे. खरंच माफ आहे, यात राग नाही. पण अठराव्या वर्षी कोणी तुझं तोंड धरलं नव्हतं. पुण्याला निघालास तेव्हा तुझी बॅग मी भरली. त्या दिवशी सांगायचं होतंस. पहिल्या पगाराची साडी घेऊन आलास, ती घडी मोडताना सांगायचं होतंस. माझं तिसरं स्थळ मोडलं तेव्हा गच्चीवर बसून तू मला म्हणालास, 'ताई, तू स्वतःला एवढी कमी का समजतेस?' तेव्हा तर सांगायलाच हवं होतंस. ते आठ वर्षांचं तुला माफ नाही.

आज सकाळी तनुजावहिनींकडे जाऊन नाव दिलं. त्यांनी विचारलं, "बाबा हो म्हनले?" म्हटलं, "इचारलंच नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नाव लिहून घेतलं.

सोमवारी, पंधरा तारखेला सकाळच्या एसटीनं मी वाशीमला जाते आहे. बाबांना सांगितलं. "अन् मळा?" एवढंच म्हणाले. म्हटलं, "तुमचा पोरगा हाय ना."

तेव्हा तू चौदाला संध्याकाळी पोचायचं. मोटारीची लाईन सकाळी नऊला येते. बाबांची रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, भाजीत मीठ कमी. म्हैस दोन वेळा. सांबार, म्हणजे तुझ्या पुण्याची कोथिंबीर, आणि मेथी एक दिवसाआड काढायची, पहाटे काढली तरच बाजारात हिरवी दिसते. गेम वीसला बाहेर येतोय हे मला माहीत आहे. कॉम्प्युटर घेऊन ये, विहिरीजवळ रेंज चांगली असते.

आला नाहीस, तर बाबा एकटे राहतील. जगदेवकाकांना 'जरा लक्ष ठेवा' असं मी सांगणार नाही. शफीकभाईंनाही नाही. कोणालाच नाही. मी शेवटच्या घडीला थांबेन असं तुम्हा दोघांना वाटत असेल. वाटू दे.

आलास तर पंधरा दिवस तुम्ही दोघं समोरासमोर बसून जेवाल. जे बोलायचं ते एकमेकांशी बोला, नाहीतर गप राहा, तेही तुम्हा दोघांना चांगलं जमतं. मला त्यातलं काही कळवू नका. मी वाशीमला सुई धरायला शिकत असेन.

साधना